'विश्वास कमी पडला' हे वाक्य पुन्हा कुणाच्या दारात बोलू नका

राहुरीकर
काल इथे एक पोस्ट आली: 'प्रभूकडे या, जगण्याला अर्थ मिळेल, आजार आणि कर्ज दोन्ही जातील.' खाली आमेनची रांग. मी पाचव्या पिढीचा ख्रिस्ती. त्यातल्या अर्थावर मी जगतो. पण त्या आजाराच्या आश्वासनाने माझा मोठा भाऊ गेला, म्हणून लिहितोय.

दादाला मधुमेह होता. एका आरोग्यसभेत त्याला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवले, 'तू बरा झालास, आता सुई घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास' असं सांगितलं. त्याने इन्सुलिन सोडलं. बारा दिवसांत आयसीयू आणि तिथून कब्रस्तान. मातीला आलेला एक जण वहिनीला म्हणाला, "विश्वास कमी पडला."

बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच उत्तर आलं. पौलाचाही विश्वास कमी पडला होता का? पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. पुढच्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुःख थांबलं का? 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, आईच्या आधी गेली. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमधलं विधवा-अनाथांचं काम आणि बायबलचं भाषांतर रमाबाईंनी सोडलं नाही. मी आशा म्हणतो ती ही.

साक्षीदार
भाऊ, तुमच्या दुःखात सहभागी आहे. ती पोस्ट माझीच. पण बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय तुम्ही गाळलात. आजाऱ्याने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मी नऊ वर्षं दारूत होतो. बायको माहेरी, पोरगी मला पाहून दाराआड. एका रात्रीच्या प्रार्थनेनंतर बाटलीला हात लावला नाही, याला सहा वर्षं झाली. माझी साक्ष मी कुणाच्या भीतीने आवरती घेणार नाही.

राहुरीकर
तेल लावा म्हटलंय. औषध सांडून द्या कुठे म्हटलंय?

कोरडवाहू
बुवा असो की पास्टर, मला दोन्ही सारखेच. चमत्काराने आजार बरा करतो अशा जाहिरातींविरुद्ध 1954 पासून केंद्राचा कायदा आहे, 2013 पासून महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तक्रार करा, वचनं कसली काढताय? आणि पाचवी पिढी म्हणताय म्हणून विचारतो. तुमच्या पूर्वजांना जगण्याचा अर्थ सापडला होता, की दुष्काळात मिशनची ज्वारी?

वेशीबाहेरचा
आलं ज्वारीवर! याचीच वाट बघत होतो.

ब्राह्मण घरातले कवी नारायण वामन टिळक, त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो 'सत्याचा शोध'. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं घेतली आणि मग 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या, तोही 'आत्म्याचा प्रवास'. माझा पणजोबा महारवाड्यातून गेला, तर ती ज्वारी! आम्हाला आत्मा नसतो का? समजा ज्वारीसाठी गेला. ज्या गावाने त्याला पाण्याला शिवू दिलं नाही, तिथे कुणी त्याच्या पोराला मांडीवर घेऊन अक्षर शिकवलं, तर त्या माणसाच्या देवाबद्दल कुतूहल वाटणं खोटं कसं? भाकरी आणि अर्थ वेगळे असतात हे पोट भरलेल्यांना वाटतं.

कोरडवाहू
मग जात सुटली का तिकडे जाऊन?

वेशीबाहेरचा
नाही सुटली. आमच्याच मंडळीत सोयरीक जुळवताना मूळ विचारतात, हे मी पाळकांच्या तोंडावर बोललोय. सरकारच्या लेखी मात्र सुटली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या, म्हणून तो दाखला मला नाही. शिखांना 1956 मध्ये घेतलं, बौद्धांना 1990 मध्ये. माझ्या बौद्ध चुलतभावाला केंद्राची सवलत आहे, मला नाही, वाडा एकच. फायद्यासाठी बाटले म्हणणाऱ्यांनी हा फायदा मोजून दाखवावा.

कोरडवाहू
दाखल्याचा मुद्दा मान्य. ज्वारीचं वाक्य मागे घेतो, टिळकांना मी ते कधी विचारलं नसतं, हे खरं. देव मात्र मान्य नाही.

साक्षीदार
विषय आशेचा होता, तुम्ही आरक्षणावर नेला. अशाने तरुण पोरं मंडळी सोडतात.

वेशीबाहेरचा
पोरं सोडतात कारण त्यांच्या प्रश्नांना तुम्ही 'विषय सोडून' म्हणता.

वसईची सून
तुम्ही सगळे भांडताय, मी फक्त माझं सांगते. माझा मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला. कुणी म्हणालं देवाला फुलं आवडतात. मला त्या देवाचा राग आला. फादर आले, काही बोलले नाहीत, ओटीवर तासभर बसून गेले. पुढच्या उपवासकाळात सासूबाईंनी क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या मरणाची चौदा स्थानं चालत करायच्या प्रार्थनेला, नेलं. तेराव्या स्थानाशी, जिथे क्रूसावरून उतरवलेला मुलगा मरियेच्या मांडीवर असतो, तिथून मला पुढे चालवेना. सगळे गुडघ्यांवरून उठले, मी तिथेच. तिलाही कुणी 'का' ते सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घरी येऊन जेवले. मुलगा परत आला नाही. पण मी परत आले. साक्षीदारदादा, ही साक्ष तुमच्या माइकवर चालेल का? यात कुणी बरं झालेलं नाही.

साक्षीदार
ताई, चालेल. खरं सांगतो, अशी साक्ष आमच्याकडे कुणी देत नाही, कारण आम्ही कधी मागितलीच नाही.

राहुरीकर, तुमचा सूर मला लागला, आणि प्रभू बरं करतो हे मी आजही म्हणणार. पण औषध बंद करायला सांगणं चूक आहे. त्या पोस्टमधला आजार-कर्जाचा भाग काढतोय.

राहुरीकर
पोस्ट काढून माझ्या वहिनीला काय? तुमची पुढची सभा कधी आहे? तिथे प्रार्थनेआधी माइकवरून सांगा, 'ज्याची जी गोळी, जी सुई चालू आहे, ती उद्या सकाळी घ्यायची.' मी वहिनीला घेऊन शेवटच्या रांगेत बसेन.

साक्षीदार
दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा. या.