पायलट जेटची खाच झिजली आहे. जेट सुखरूप बाहेर कसा काढावा?

नमस्कार. माझ्या १५० सीसी मोटारसायकलला मी फ्री फ्लो सायलेन्सर आणि त्याच्या जोडीला जास्त हवा घेणारा फिल्टर बसवला. कार्ब्युरेटर साधा, स्लाइडचा आहे. अपेक्षेप्रमाणे मिश्रण लीन झाले (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागले) आणि स्पार्क प्लगचे टोक पांढुरके पडले, म्हणून मी घरीच ११० चा मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक छिद्राचा पितळी स्क्रू; आकडा छिद्राचे माप दाखवतो) काढून ११५ चा बसवला. तेव्हापासून पूर्ण थ्रॉटलवर गाडी उत्तम ओढते. मात्र थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात आणि सिग्नलवरून निघताना इंजिन क्षणभर अडखळते.

मेन जेटचा अंमल प्रामुख्याने थ्रॉटलच्या शेवटच्या पाव भागात असतो, मधला टप्पा नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) सांभाळते आणि आयडलिंगपासून सुमारे पाव थ्रॉटलपर्यंतचा कारभार पायलट जेटकडे असतो. त्यामुळे माझा संशय पायलटवर आहे. चोक किंचित ओढून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवले की इंजिन सुरळीत चालते. शिवाय फिल्टरच्या बाजूचा, पायलटची हवा कमीजास्त करणारा एअर स्क्रू जवळजवळ पूर्ण आत, म्हणजे फक्त पाव फेरी बाहेर, ठेवावा तेव्हाच आयडलिंग स्थिर राहते, यावरून सध्याचा १७.५ चा पायलट लहान पडतो, असे मला वाटते. इनटेकचा रबरी जोड तपासला असून तेथून हवा शिरत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. पायलट जेट अरुंद विहिरीसारख्या नळीत खोल बसलेला असतो आणि पितळ मऊ असते, हे ठाऊक असूनही मी हाताशी होता तो, खाचेपेक्षा बारीक पात्याचा स्क्रूड्रायव्हर वापरला. तो दोनदा निसटला आणि खाचेची एक कड दुमडली. (मेन जेट सहज निघाल्यामुळे आलेला फाजील आत्मविश्वास, दुसरे काय!) आता कार्ब्युरेटर गाडीवरून उतरवून, फ्लोट बाउल रिकामा करून टेबलावर ठेवला आहे.

फ्लोट, नीडल व्हॉल्व्ह आणि सर्व ओ-रिंग काढून घेऊन बॉडी गरम पाण्यात ठेवावी, असा माझा विचार आहे. बॉडीचा धातू पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावत असल्याने जेटची पकड सैल व्हावी. त्यानंतर नळीत जेमतेम मावेल अशा रुंदीला पाते घासून पुन्हा प्रयत्न करावा, की उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरावा? एक्स्ट्रॅक्टरने जेट आतून फुगून आणखी घट्ट बसेल किंवा बॉडीच्या आट्या खराब होतील, अशी भीती वाटते. ज्यांनी असा जेट प्रत्यक्ष काढला आहे, त्यांनी कोणत्या क्रमाने काम केले ते कृपया सांगावे. तसेच जेट निघाल्यावर थेट २० चा पायलट बसवावा, की आधी नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन (म्हणजे नीडल थोडी वर उचलून) पाहावे?