पागडी बेकायदा होती म्हणता, मग गिरगाव कुठल्या कायद्यावर चाललं?

चाळकरी: काल कुणीतरी लिहिलंय की १९४७ च्या भाडे कायद्यात पागडी, म्हणजे भाड्याची जागा देताना वरून रोख रक्कम, घेणं गुन्हाच होता, त्यामुळे पागडीवाल्यांनी हक्काची भाषा करू नये. अहो गुन्हा होता ना, तरी मालक आपला हिस्सा घ्यायचा, जुना भाडेकरू आपला घ्यायचा, नव्याच्या नावाने पावती फाटायची आणि अख्ख्या चाळीला आकडा माहीत असायचा. यालाच कायद्याचा समाजशास्त्रज्ञ एर्लिख जिवंत कायदा म्हणतो, १९१३ साली म्हणालाय. लोक ज्या नियमाने वागतात तो. शेवटी १९९९ च्या कायद्याने पागडी मान्यच केली ना?

दादरची_सून: आणि तो जिवंत ठेवताना मालक मेला त्याचं काय? सासऱ्यांची चाळ आहे आमची. भाडं १९४० च्या आकड्याला बांधलेलं, गच्ची गळली की शिव्या मात्र आम्हाला. १९९७ ला सुप्रीम कोर्टही म्हणालं की हे गोठवणं आता वाजवी नाही.

माहीमवाला: लोक वागतात तोच कायदा, तर मग जातपंचायतही कायदाच की. आमच्या आत्याच्या घराला वाळीत टाकलेलं, लग्नाला कुणी फिरकलं नाही. २०१६ चा बहिष्कारविरोधी कायदा आणावा लागला तो कशासाठी? तुमच्या एर्लिखला विचारा.

चाळकरी: एर्लिखने चांगलं-वाईट सांगितलंच नाही हो! समाज कशाने चालतो ते बघा, एवढंच म्हणणं. न वाचता अंगावर येऊ नका.

माहीमवाला: अंगावर मी नाही आलो. "लोक करत होते म्हणून हक्क" हे तुम्हीच लिहिलंत, वर जाऊन वाचा.

विधी_वाचक: कायद्याचा अमेरिकन अभ्यासक गॅलंटर कसा आठवत नाही कुणाला? १९७४ चा लेख. कोर्टात नेहमी येणारा जिंकतो, जन्मात एकदा येणारा दमतो. रीडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरचे वकील ठरलेले असतात, भाडेकरू कागद शोधत बसतो आणि छोटा मालकही तसाच.

चाळकरी: बरं, वाळीत टाकण्याचं माहीमवाल्यांचं म्हणणं घेतो, नुसत्या प्रथेवर हक्क उभा राहत नाही. पण मालकांचं रडगाणं पुरे, २००० पासून दरसाल चार टक्के वाढ घेता येते.

दादरची_सून: चार टक्के कशावर? त्याच गोठलेल्या आकड्यावर ना! त्यात गच्चीचं डांबर येतं का, बोला.