मदत हवी आहे: सायक्लोडेक्स्ट्रिन पॉलिमर मिथिलीन ब्लू ओढतो, बिस्फेनॉल-ए मात्र नाही

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पाण्यातलं बिस्फेनॉल-ए (प्लॅस्टिकमधून पाण्यात येणारं प्रदूषक) शोषून घेणारा पॉलिमर करतोय आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलोय.

कृती अशी: ११.३५ ग्रॅम बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (साखरेच्या घटकांचा कड्यासारखा रेणू, मध्ये पोकळी असलेला), ११.५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (मोलच्या हिशेबात एकास सहा) आणि उत्प्रेरक म्हणून थोडं सोडियम हायपोफॉस्फाइट गरम पाण्यात विरघळवलं. वॉटर बाथवर मधाइतकं दाट केलं, पेट्री डिशमध्ये ओतलं आणि १६० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवलं. वर कुरकुरीत फेस तयार झाला, पण तळाला चिकट थर राहिला. खलात कुटून धुतलं तर निम्म्याहून जास्त माल पाण्याबरोबर वाहून गेला.

उरलेल्या पावडरीने मिथिलीन ब्लू हा चाचणीचा निळा रंग पाच मिनिटांत असं ओढलं की वरचं पाणी निवळशंख. मी मनातल्या मनात प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहून टाकलं होतं! मग बिस्फेनॉल-ए घेतलं, २७६ नॅनोमीटरला त्याचं अतिनील प्रकाशाचं शोषण मोजलं, तर पावडर घातल्यावर रीडिंग कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. चुकतंय कुठे? सायट्रिक ॲसिडऐवजी जोडणीसाठी एपिक्लोरोहायड्रिनकडे वळू का?

प्रतिसाद १
एपिक्लोरोहायड्रिन कर्करोगकारक आहे. चांगलं फ्यूम हूड आणि सोबत अनुभवी माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. आधी आहे तेच नीट करा.

प्रतिसाद २
मिथिलीन ब्लूने तुम्हाला फसवलंय. तो धनभारित रंग. सायट्रिक ॲसिडचे तिन्ही कार्बॉक्सिल (आम्ल) गट काही एस्टर होत नाहीत, म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिनशी जोडले जात नाहीत, उरलेल्यांवर ऋणभार येतो आणि रंग मुख्यतः त्यांनाच चिकटतो. सायक्लोडेक्स्ट्रिनची पोकळी रिकामीच राहिली तरी पाणी निवळणार. खात्री करायची तर तोच प्रयोग पीएच ३ ला करा, शोषण धाडकन पडेल.

बिस्फेनॉल-ए ला भार नाही (पीएच साडेनऊच्या खाली), त्याला पोकळीच लागते. तुमच्या पावडरीत वजनाने निम्मं सायक्लोडेक्स्ट्रिन धरलं आणि प्रत्येक पोकळीत एक रेणू बसला, तरी ग्रॅमला सुमारे १०० मिलीग्रॅम ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात बऱ्याच पोकळ्या आत गाडलेल्या असतात, म्हणजे त्याहून कमीच.

वाढलेलं रीडिंग धुण्यातलं पाप आहे. सायट्रिक ॲसिड तापल्यावर पाणी गमावून ॲकोनिटिक ॲसिड आणि पिवळे-तपकिरी पदार्थ देतं, ते अतिनील प्रकाश शोषतात. नुसती पावडर आणि पाणी असा ब्लँक लावलात का? शिवाय बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन २५ अंशांना लिटरमध्ये जेमतेम १८.५ ग्रॅम विरघळतं, त्यामुळे थंड पाण्याच्या दोन-चार हातांनी न जोडलेलं सगळं निघत नाही. कोमट पाणी, भरपूर.

प्रतिसाद ३
तळ चिकट राहतो कारण थर जाड आहे आणि पाणी बाहेर पडायला वाट नाही. एस्टर होताना पाणीच सुटतं, ते अडकलं की जोडणी थांबते. थर दोन-तीन मिलीमीटरचा ठेवा. वाहून गेलेला मालही सगळा कच्चा नसतो, त्यात विरघळणारा पॉलिमरही असतो. आणि बाटलीतल्या बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पावडरीत साधारण १३-१४ टक्के पाणी असतं, तेव्हा तुमचं एकास सहा हे खरं तर एकास सातच्या जवळ आहे.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. पीएच ३ ला मिथिलीन ब्लूचा निळा रंग जवळजवळ तसाच राहिला. प्रतिसाद २ बरोबर. पोकळ्या तपासायला फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी दिसणारं दर्शक) वापरलं, ते आत शिरलं की रंग जातो म्हणे. पावडर टाकली आणि गुलाबी रंग क्षणात गायब! बरोबर ना?

प्रतिसाद २
थांबा, पीएच मोजलात? तुमची पावडर आम्ल आहे. पीएच आठच्या खाली आला तरी गुलाबी जातोच. आधी पावडर सौम्य सोडियम बायकार्बोनेटने धुऊन सोडियम स्वरूपात आणा, मग पीएच १०.५ च्या कार्बोनेट बफरमध्ये चाचणी घ्या. रात्रभर ठेवू नका, अल्कलीत एस्टर तुटतात.

धागाकर्ता
मोजला. ६.८.
बफरमध्ये पुन्हा केलं तर गुलाबी रंग फिकट होतो, पूर्ण जात नाही. म्हणजे काही पोकळ्या तरी हाताशी आहेत. पातळ थराची बॅच ओव्हनमध्ये आहे, या वेळी ब्लँकसकट मोजतो.