नाईटली बिल्ड कधी पास कधी फेल, लॅपटॉपवर मात्र सगळं ठीक. नेमकं कुठे बघू?

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी. एक राउटिंग डेमन (मागे सतत चालून नेटवर्कचे मार्ग ठरवणारा प्रोग्राम) आहे, सी मध्ये लिहिलेला, ऑटोटूल्सवाला (कोडमधून प्रोग्राम बनवायची, म्हणजे बिल्डची, जुनी साधनं), बराच जुना. ज्यांनी बिल्ड बसवलं ते कधीच सोडून गेले आणि आता ते माझ्या गळ्यात आलंय, मी खरं तर प्रोटोकॉलचा कोड लिहायला आलो होतो पण असो.

रोज रात्री कोरं क्लोन (कोडची ताजी प्रत) घेऊन कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) बिल्ड होतं, मग टेस्ट. आठवड्यातून दोन-तीनदा फेल. कधी म्हणतं अमुक हेडर फाईल सापडली नाही (प्रोटोबफ या टूलमधून बिल्डच्या वेळी जनरेट होणारी), कधी टेस्टमध्ये 'अॅड्रेस ऑलरेडी इन यूज', कधी आयपीव्ही६ च्या टेस्टला 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस'. परत चालवलं की हिरवं. लॅपटॉपवर मी शंभरदा चालवून बघितलं, एकदा पण फेल नाही. रनर (रात्रीचं बिल्ड चालवणारं मशीन) १६ कोरचा आहे, लॅपटॉप ४ चा.

टीममधला एक जण म्हणतो तीन वेळा रिट्राय लावून टाक, दुसरा म्हणतो ऑटोटूल्स फेकून सगळं मेसॉनवर (नवी बिल्ड सिस्टीम) न्या. मला दोन्ही पटत नाहीये. तुम्ही काय कराल?

मेकफाईलचा_गुलाम:

रिट्राय अजिबात लावू नका. लावलात की लाल दिवा दिसायचा बंद होईल आणि आजार तसाच राहील. आणि हा एक आजार नाहीये, किमान दोन आहेत, हेडरचा आणि टेस्टचा काही संबंध नाही, वेगवेगळे धरा.

हेडरचं सांगतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये नुसतं 'मेक -जे१६' (एका वेळी १६ कामं) आहे की पुढे एखाद्या टारगेटचं नाव पण दिलंय? कारण ऑटोमेकमध्ये (ऑटोटूल्सपैकी मेकफाईल बनवणारं टूल) जनरेटेड हेडर 'बिल्ट सोर्सेस' च्या यादीत टाकली तरी ती यादी 'ऑल', 'चेक', 'इन्स्टॉल' अशा ठरावीक टारगेटलाच आधी बनते. तुम्ही थेट डेमनच्या बायनरीचं नाव देऊन मेक मारलंत तर ती यादी कोणी विचारात घेत नाही. मग हेडर आधी बनलं तर नशीब, नाहीतर बोंब.

लॅपटॉपवर का होत नाही? एकदा बिल्ड झालं की ऑटोमेक कुठली फाईल कुठलं हेडर वापरते ते डिपेंडन्सीच्या फाइलींमध्ये लिहून ठेवतं, शिवाय हेडर पण आधीचं पडलेलं असतंच. तुम्ही शंभरदा चालवलंत म्हणता, पण त्यातलं कोऱ्या क्लोनवरचं किती वेळा?

ग्नू मेक ४.४ (२०२२) पासून '--शफल' आलंय, ते डिपेंडन्सींचा क्रम मुद्दाम पिसून टाकतं. फेल झालं की एररच्या ओळीत सीडचा आकडा पण छापतं, तोच आकडा परत दिला की तोच क्रम परत मिळतो. कोऱ्या क्लोनवर दहा-वीस फेऱ्या मारा, सापडेल.

पोर्ट_शून्य:

टेस्टचं माझ्याकडून. पोर्ट नंबर कोडमध्ये ठोकून बसवलेत ना? आणि टेस्ट पॅरलल चालतात? मग दोन टेस्ट एकाच पोर्टवर भांडणारच, १६ कोरवर जास्त भांडणार.

यात अजून एक गंमत आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला कर्नल स्वतः पोर्ट देतो तो डीफॉल्टला ३२७६८ ते ६०९९९ मधला. तुम्ही 'मोठा नंबर आहे, कोण वापरतंय' म्हणून ४५००० घेतला असेल तर एखाद्या दिवशी भलत्याच कनेक्शनने तो आधीच धरलेला असणार, टेस्ट एकटी चालवली तरी फेल.

सोपा उपाय म्हणजे पोर्ट ० वर बाइंड करा आणि कर्नलने कुठला दिला ते 'गेटसॉकनेम' ने विचारा. पण राउटिंग डेमनला बीजीपीचा (राउटर एकमेकांना मार्ग सांगतात तो प्रोटोकॉल) १७९ च लागत असेल तर प्रत्येक टेस्टला स्वतःचं नेटवर्क नेमस्पेस (इतरांपासून तोडलेलं वेगळं नेटवर्क) द्या. 'अनशेअर -आर -एन' ने रूट नसतानाही मिळतं, आत १७९ वर पण बाइंड होतं. फक्त नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅक (मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) बंद असतो, तो आधी अप करा, मी याच्यावर अख्खी दुपार घालवली होती.

जुना_राउटर:

वरच्याला पुरवणी. कंटेनरच्या आत अनशेअर सहसा चालणार नाही, डॉकरचं डीफॉल्ट सेककॉम्प प्रोफाइल (कर्नलकडे काय मागता येईल त्याची यादी) ते अडवतं. उबंटू २४.०४ वर तर कंटेनर नसला तरी अॅपआर्मर (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) आडवा येतो. तेव्हा रनरवाल्यांशी आधी बोलून घ्या, उगाच टेस्ट लिहून बसाल.

मेसॉनबद्दल: वाईट नाही, डीपीडीकेने (नेटवर्कची पॅकेट वेगाने हाताळणारी लायब्ररी) २०.११ आवृत्तीमध्ये जुनं मेक पूर्ण काढून मेसॉनच ठेवलं. पण तुमचा प्रॉब्लेम बिल्ड सिस्टीमचा नाही, डिपेंडन्सी न सांगण्याचा आहे, ती मेसॉनमध्ये पण सांगायला विसरता येते. आधी घर झाडा मग रंग द्या. आणि एक, कॉम्पायलरच्या फ्लॅगमध्ये कुठे 'मार्च नेटिव्ह' (बिल्ड करणाऱ्या मशीनच्याच सीपीयूला साजेसा कोड बनवा, असं सांगणारा फ्लॅग) लपलंय का बघून घ्या. एका ठिकाणी आम्ही ते तसंच सोडलं होतं, रनरचा सीपीयू नवा निघाला, बायनरी जुन्या मशीनवर गेली आणि सुरू होताक्षणी 'इलीगल इन्स्ट्रक्शन'. बिल्ड हिरवं, टेस्ट हिरव्या, फक्त गिऱ्हाईक लाल.

रात्रपाळी:

मंडळी, दंडवत. स्क्रिप्टमध्ये खरंच टारगेटचं नाव होतं, कोणीतरी वेळ वाचवायला दिलेलं. शफलने तिसऱ्याच फेरीत पकडलं. आता त्या ऑब्जेक्ट फाइलींना हेडरची डिपेंडन्सी थेट लिहिली, कोऱ्या क्लोनवर चाळीस फेऱ्या मारल्या, एकही फेल नाही.

पोर्टवाल्या टेस्ट नेमस्पेसमध्ये नेल्या, त्यासाठी कंटेनर सोडून साध्या व्हीएमवर जावं लागलं. मार्च नेटिव्ह एका सबडिरेक्टरीत सापडलं, बोलायलाच नको.

आयपीव्ही६ ची टेस्ट मात्र अजून तशीच. व्हेथच्या जोडीवर (एकमेकांना जोडलेली दोन आभासी नेटवर्क कार्डं) अॅड्रेस टाकतो, दोन्ही टोकं अप करतो, डेमन सुरू करतो, की 'कॅनॉट असाइन'. जुन्या स्क्रिप्टमध्ये तिथे 'स्लीप २' होतं, ते मी फालतू समजून काढलं होतं, तेव्हापासून तर रोजच फेल.

पोर्ट_शून्य:

ते स्लीप फालतू नव्हतं हो :) आयपीव्ही६ अॅड्रेस टाकला की कर्नल आधी तपासतो की हाच अॅड्रेस त्या लिंकवर दुसऱ्या कोणाकडे नाही ना, तेवढा वेळ तो 'टेंटेटिव्ह' राहतो आणि त्याच्यावर बाइंड करू देत नाही. साधारण एक-दोन सेकंदांचं काम, म्हणून कोणीतरी २ टाकले. रनरवर लोड असला की ते २ पण कमी पडतात, म्हणून आधी अधूनमधून फेल होत होतं. अॅड्रेस टाकताना 'नोडॅड' द्या, म्हणजे तपासणीच होणार नाही, टेस्टच्या नेमस्पेसमध्ये तिची गरज पण नाही.

रात्रपाळी:

झालं. एका शब्दात झालं. आता उरलेली अकरा स्लीप काढायला घेतो, पण या वेळी प्रत्येकीचं कारण शोधून मगच.