मदत हवी आहे: ट्रकचा एसी चालूच होत नाही

नमस्कार मंडळी. गाडी दहाचाकी, २४ व्होल्टची, केबिनला कंपनीचाच एसी. नाशिकहून नागपूरला कांदा नेतो. अकोल्याच्या पुढे असं ऊन आहे की दुपारी स्टेअरिंगला हात लाववत नाही, आणि नेमका आत्ताच एसी बंद पडलाय.

ब्लोअर सगळ्या स्पीडला नीट फिरतो, एसीच्या बटणातला दिवाही लागतो, पण कॉम्प्रेसरचा क्लच ओढतच नाही. एरवी बटण दाबलं की 'टक्' आवाज येऊन पुढची प्लेट पुलीला चिकटायची. आता पुली नुसती फिरते, प्लेट जागची हलत नाही. फ्यूज शाबूत आहे. रिले बदलून पाहिला, फरक नाही. क्लचच्या वायरला टेस्टर लावला तर करंटच नाही. बॅटरीवरून थेट करंट दिला की क्लच लगेच ओढतो, म्हणजे कॉइल चांगली आहे.

तरी मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसर बदला. मला हे अजिबात पटत नाही. गॅस कमी झाला तरी प्रेशर स्विच क्लचचा करंट तोडतो ना? मग आधी गॅसचं प्रेशर तपासून घ्यायचं, की स्विच आणि थर्मोस्टॅटची वायरिंग? स्विच क्षणभर बायपास करून बघणं बरोबर आहे का? गॅस नसेल तर त्याच्याबरोबर फिरणारं कॉम्प्रेसरचं तेल फिरणार नाही आणि चांगला कॉम्प्रेसर जाम होईल, ही भीती आहे.

बरोबरच्या क्लीनर पोराला काल चक्कर आली, म्हणून घाई आहे. मलकापूर ते अमरावती पट्ट्यात ट्रकच्या एसीचं काम करणारा खात्रीचा माणूस असेल तर तेही कळवा.