पिकअपला दुसरं बॉनेट: स्कूप, काचेकडचा फुगवटा की लूव्हर?

ट्रेलरवाला:
मंडळी, डिझेल पिकअप आहे, मागे जड ट्रेलर असतो. कूलंटचा काटा मध्यावरून हलत नाही, पण बॉनेटखाली नुसती भट्टी. वायरिंगच्या क्लिपा हात लावला की मोडतात, बॅटरी वेळेआधी बसते. फायबरची तीन बॉनेटं बघून ठेवलीत. एकाला पुढे तोंड असलेला स्कूप (हवा आत घेणारा उंचवटा), दुसऱ्याचा फुगवटा मागे काचेकडे उघडा, तिसऱ्याला रेडिएटरच्या जरा मागे लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या फटी. दिसायला दुसरं झकास. घेऊन टाकू?

तेलकट_हात:
काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, खरा आकडा ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडून, वाचा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कचरा अडकलाय का, फॅनचं श्राउड (भोवतालचं कवच) जागेवर आहे का, तेही बघा. बॉनेट नंतर.

फायबरकाम:
मी बॉनेटं बनवतो, तरी सांगतो, दिसण्यावर जाऊ नका. गाडी वेगात असली की काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथे दाब वाढतो. म्हणजे काचेकडे उघडा फुगवटा हायवेवर हवा बाहेर काढत नाही, उलट आत घेतो. मूळ शोधच एअर फिल्टरला थंड हवा मिळावी म्हणून लागला. पुढच्या तोंडाचा स्कूपही हवा आतच कोंबतो. इंजिनच्या खणात दाब वाढला की रेडिएटरमधून हवा खेचली जाणं कमी होतं. दाब कमी असतो तो बॉनेटच्या पुढच्या भागात, कडा ओलांडून हवा वर वळते तिथे. लूव्हर तिथेच असायला पाहिजेत.

विश्वास नसेल तर मोजा. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून आत रंगीत पाणी घाला. एक टोक बॉनेटखाली सोडा. दुसरं टोक बुजवून, त्याच्या जवळ बाजूला सुईने भोक पाडा आणि नळी हवेच्या दिशेने बॉनेटवर आडवी चिकटवा. शेजारी बसणाऱ्याने पाणी बघायचं. बॉनेटवरच्या बाजूचं पाणी चढलं तर तिथून हवा बाहेर पडेल. उतरलं तर ती जागा सोडा.

उलटतपासणी:
हे हायवेचं झालं. ट्रेलर घेऊन चढ चढताना वेग असतो कुठे? माझ्याकडे काचेकडे उघडं बॉनेट आहे आणि सिग्नलला त्यातून गरम हवेच्या लाटा दिसतात.

फायबरकाम:
दिसणारच, बरोबर आहे तुमचं. ताशी १०० किमीला समोरच्या हवेचा सगळा दाब मिळून पाण्याचा स्तंभ जेमतेम ४७ मिमी चढतो. ३० ला तो ४ मिमीवर येतो. तेव्हा काम करतो तो फॅन, आणि गरम हवा आपसूक वर जाते. त्या वेळी कुठलंही भोक चालतं. लूव्हर मात्र दोन्ही वेळा चालतो, आणि फॅनच्या लगेच मागे असतो. इंजिन बंद केल्यावर कोंडलेली उष्णताही तिथूनच निघून जाते.

ट्रेलरवाले, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) कुठे आहे? इंजिनच्या डोक्यावर असेल तर कंपनीचा स्कूप त्यालाच हवा देतो. तो बुजवला तर ताकद जाईल.

ट्रेलरवाला:
इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे आहे. मग लूव्हर. पण पावसाचं काय? अल्टरनेटर बरोबर खाली येतो.

फायबरकाम:
लूव्हरखाली पन्हळीसारखा ट्रे लावून घ्या, पाणी कडेला सोडणारा. ट्रे आणि लूव्हर यांच्यात अंतर राहू द्या, नाहीतर हवाच अडेल. टर्बो आणि त्याच्या पाइपला उष्णतारोधक वेष्टण करा. तुमच्या क्लिपा बहुधा तिथल्या धगीनेच गेल्यात, आणि ती धग बॉनेट बदलून पूर्ण जायची नाही.

आणखी एक. फायबरचं बॉनेट हलकं असतं. कंपनीचे गॅस स्ट्रट (बॉनेट उचलून धरणारे दांडे) तेच ठेवले तर बंद करताना ते बिजागरीपाशी वाकतं, पुढे तडा जातो. कमी जोराचे स्ट्रट घाला आणि पुढच्या बाजूला दोन बॉनेट पिना लावा, एकट्या लॅचच्या भरवशावर हायवेला जाऊ नका.