अंगठ्यानं मारलेला ड्रिफ्ट खरा धरायचा की नाही?

अंगठेबहाद्दर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी एका मित्राकडे गेलो होतो. त्यानं खोलीच्या कोपऱ्यात स्टेअरिंग व्हील, तीन पेडल, हँडब्रेकचा दांडा असा सगळा संसार थाटलाय. गप्पांच्या ओघात मी सांगून बसलो की ग्रान तुरिस्मो ७ या गाड्यांच्या गेममध्ये त्सुकुबा ट्रॅकच्या हेअरपिनवर (यू आकाराच्या वळणावर) मी निस्सान सिल्व्हिया आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आडवी ठेवतो, म्हणजे मागची चाकं घसरवत ड्रिफ्ट मारतो. त्यानं विचारलं, "व्हील कुठलं वापरतोस?" म्हटलं, "व्हील नाही, कंट्रोलर." यावर तो असा हसला की जणू मी पंढरीची वारी रिक्षातून केल्याचं सांगितलं. "अरे, तो ड्रिफ्ट गेमनं मारला. तू फक्त तिथे हजर होतास."

हे वाक्य आठवडाभर डोक्यात बसलंय, म्हणून हा धागा.

गेम मदत करतो हे मला मान्य आहे. पण नेमकी कशात करतो? खऱ्या गाडीची मागची चाकं सुटली की पुढची चाकं आपणहून घसरणीच्या दिशेला तोंड करू पाहतात. चाकांच्या बैठकीला जो मागे झुकलेला कल दिलेला असतो, त्या कॅस्टरचा हा गुण. मॉलमधली ट्रॉली ढकलाल तिकडे तिची चाकं वळतात ना, तसंच. म्हणून तर व्हिडिओत ड्रिफ्ट करणारे स्टेअरिंग चक्क सोडून देतात. ते हातातून गरगरत जातं आणि हवं तिथे आल्यावर ते धरतात. आता कंट्रोलरचा स्टिक सोडून बघा. तो मधोमध जाऊन उभा राहतो. गाडी डावीकडे घसरतेय की उजवीकडे, त्याच्या स्प्रिंगला काही देणंघेणं नाही. म्हणजे कॅस्टरचं काम इथे कोणीतरी करायलाच हवं, ते गेम करतो. ड्रायव्हरचं काम नाही करत, लोखंडाचं काम करतो.

बाकी गाडी वळणाआधी उलट्या बाजूला हलवून वजन कधी टाकायचं, हँडब्रेक कधी ओढायचा, गॅस किती द्यायचा, हे सगळं माझंच की. मग ड्रिफ्ट माझा का नाही?

सव्वादोन_न्यूटन

तुमचा तो मित्र मी नाही, पण असायला हरकत नव्हती.

"लोखंडाचं काम" हे वाक्य आवडलं, पण ते अर्धंच आहे. कॅस्टर स्टेअरिंग फिरवतो, थांबवत नाही. थांबवायचं काम माझ्या तळव्यांचं. धरायला जरा उशीर झाला की मागची चाकं पकड घेतात, पुढची अजून भलतीकडे बघत असतात आणि गाडी दुसऱ्या बाजूला भिरकावली जाते. शिकताना मी शंभरातल्या नव्वद वेळा तिथेच मेलोय. तुमच्याकडे फिरवतोही गेम आणि थांबवतोही गेम.

आणखी एक. खरं स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरतं. तुमचा अंगठा तेवढंच अंतर पापणी लवायच्या आत कापतो. गेमनं ते जसंच्या तसं घेतलं तर गाडी प्रत्येक वळणाला लट्टू होईल. म्हणून गेम तुम्ही मागितलेलं सावकाश देतो, आणि वेग वाढला की त्यातही कापून देतो. थोडक्यात, तुम्ही अर्ज करता आणि मंजुरी वरून येते.

ग्रान तुरिस्मोतच काउंटर स्टेअरिंगच्या, म्हणजे घसरणीच्या बाजूला चाकं वळवण्याच्या, मदतीचा पर्याय आहे. तो बंद करा, मग बोलू.

कीबोर्डवीर

कंट्रोलर खरा की व्हील खरं, हे भांडण सुखवस्तू लोकांचं! आम्ही २००३ चा नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून खेळलोय, तोही डावा बाण आणि उजवा बाण यांवर. मधलं काही नाही. एकतर पूर्ण डावीकडे नाहीतर सरळ. त्यात ड्रिफ्टची वेगळी शर्यत असायची. तिथे गाडी साबण लावल्यासारखी पळायची, आणि पुढच्या साध्या शर्यतीत त्याच गाडीच्या टायरांना कुणीतरी फेविकॉल लावलेला असायचा. तरी कॅफेतला जो पोरगा त्यात सगळ्यात जास्त पॉइंट काढायचा, त्याच्या खुर्चीमागे दहा जण उभे राहायचे. त्याचा ड्रिफ्ट खरा का, असं एकानंही विचारलं नाही.

रात्रपाळी

सव्वादोन, तुमच्या आयडीतल्या जोराच्या आकड्यावरून तुमचं व्हील ओळखलं. :) मीही तसलंच वापरायचे, विकून टाकलं. स्वस्तातल्या गिअरच्या व्हीलमध्ये स्टेअरिंग फिरवणारी मोटर इतकी अशक्त असते की ड्रिफ्टमध्ये सोडलं तर ते गरगरत जात नाही, रेंगाळत जातं. मग त्याला हातानं ढकलावं लागतं. खऱ्या गाडीत ज्या जागी हात सैल सोडायचे तिथे तुम्ही जोर लावायला शिकता. म्हणजे गेम अंगठेबहाद्दरांना खोटी मदत देतो, तर तुमचं व्हील तुम्हाला खोटी अडचण देतं. दोन्ही खोटंच, फक्त एक महाग.

मी असेटो कोर्सा खेळते, कंट्रोलरवर. इटलीच्या कुनोसनं २०१४ मध्ये काढलेला हा गेम लाड करत नाही, पण एक सोय देतो. स्टिकवरचं सगळं गाळण उघडं ठेवतो. स्टेअरिंग किती वेगानं फिरावं, वेगाबरोबर किती कमी व्हावं, स्टिकच्या मध्याजवळ किती बोथट असावं, सगळे आकडे समोर. तुमच्या भाषेत, मंजुरी देणारा साहेब कोण आणि तो किती टक्के कापतो हे दिसतं. मी ते गाळण हळूहळू कमी करत आणलं, तीन महिने लागले.

आणि त्या तीन महिन्यांत कळलं ते असं की भांडण चुकीच्या हातावर चाललंय. डाव्या अंगठ्याबद्दल सगळे बोलतात, ड्रिफ्ट राहतो उजव्या तर्जनीत. गाडी एकदा आडवी झाली की तिला वळवतो तो गॅस. जास्त दिला तर मागचा भाग आणखी बाहेर जातो, सोडला तर पकड परत येते. ट्रिगरची, म्हणजे तर्जनीखालच्या गॅसच्या खटक्याची, सगळी चाल मिळून बोटाच्या एका पेराएवढी, आणि कामाचा तुकडा त्यातला मधला तिसरा हिस्सा. तिथे बोट टेकवून ठेवायचं नाही, थरथरतं ठेवायचं. वाफेवरच्या झाकणावर बोट धरल्यासारखं. एकदा आवाजावरून करून बघा. इंजिनाचा सूर एका पट्टीत टिकला की ड्रिफ्ट टिकतो. त्यात गेमची मदत शून्य, अर्थात ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की गॅस आपोआप कमी करणारी सोय) बंद असेल तर.

सव्वादोन_न्यूटन

व्हीलबद्दल मान्य. लागलं, पण मान्य.

ट्रिगरबद्दल मात्र नाही. पायाखाली पेडलची चाल कितीतरी मोठी असते, म्हणून बारीक फरक करता येतो. आणि क्लच? ड्रिफ्ट चालू असताना क्लचला लाथ मारून मागच्या चाकांना झटका देणं हा अर्धा खेळ आहे. तुमच्याकडे तो एका बटणावर. बटण म्हणजे कीबोर्डवीरांचा बाण.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. ड्रिफ्ट ही काही गेम बनवणाऱ्यांनी शोधलेली गंमत नाही. जपानच्या कुनिमित्सु ताकाहाशीनं हे १९७० च्या दशकात शर्यतीत केलं. तोच ताकाहाशी, जो १९६१ मध्ये मोटरसायकलची ग्रां प्री जिंकणारा पहिला जपानी होता. त्याचं बघून केइची त्सुचिया डोंगरातल्या रस्त्यांवर शिकला, आणि १९८७ च्या व्हिडिओनं त्याचं नाव सगळीकडे झालं. त्या माणसांच्या एका बाजूला दरी होती. भीती काढून घेतली की ड्रिफ्टचं जे उरतं ते रांगोळी.

रात्रपाळी

मग तुमच्या खोलीतल्या व्हीलवर दरी कुठून येते?

सव्वादोन_न्यूटन

:) हा फाउल आहे.

जांभा

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. त्यानं हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

मी गेली बावीस वर्षं बोलेरो चालवतोय, रत्नागिरीच्या आतल्या रस्त्यांना. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, मागे माल नसला की हलकी. मृगाचा पहिला पाऊस पडला की जांभ्याची माती रस्त्यावर येते, लोण्यासारखी. त्यावर वळणात गाडीचं ढुंगण सरकतं. (शब्दाबद्दल क्षमा, दुसरा सुचत नाही.) हौसेनं नाही, आपोआप. ते सरकतंय हे सगळ्यात आधी कंबरेला कळतं. डोळ्यांना कळेपर्यंत हात वळलेले असतात. मागाहून विचार केला तर आठवत पण नाही काय केलं ते.

मुलाचा रिमोट घेऊन बघितला, मेक्सिकोतला तो गेम. फोर्झा का काय ते. प्रत्येक वेळी उशीर. कारण मी कंबरेची वाट बघत बसलो आणि कंबर सोफ्यावर गप्प. मुलगा मात्र बरोबर करतो. त्याला विचारलं कसं कळतं, तर म्हणे आवाज आणि बोनेटचं टोक बघायचं. म्हणजे तो डोळ्या-कानानं करतो ते मी कंबरेनं करतो. खरं-खोटं तुम्ही ठरवा. मला वाटतं हे दोन वेगळे धंदे आहेत, नाव एक पडलंय.

आणि हे घाटात करून बघू नका. समोरून एसटी येते.

अंगठेबहाद्दर

जांभाकाका, धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद. पण कंबर अगदीच गप्प नसते हो. २०१३ च्या एक्सबॉक्स वन कंट्रोलरपासून ट्रिगरच्या आतच छोट्या वेगळ्या मोटरी बसवतात, चाक घसरलं की बोटाखाली कंप येतो. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये तर ट्रिगर स्वतः कडक-सैल होतो. ग्रान तुरिस्मोत ब्रेक जास्त दाबला आणि एबीएस लागला की तो बोटाला उलटा ढकलतो.

जांभा

ते बघितलं. खिशात फोन वाजल्यासारखं वाटतं.

वाकडा_स्टिक

माझा प्रश्न थोडा वेगळा. माझ्या कंट्रोलरचा डावा स्टिक तीन महिन्यांपासून स्वतःच डावीकडे ओढतोय. हात न लावता गाडी डावीकडे जाते. म्हणजे कंट्रोलरच ड्रिफ्ट करतोय. डाव्या वळणांवर माझे पॉइंट वाढलेत, उजवीकडे बोंब. हा ड्रिफ्ट खरा धरायचा का? (ह. घ्या.)

दुरुस्तीवाला म्हणतो पूर्ण बदला, त्यापेक्षा नवीनच घ्या.

रात्रपाळी

वाकडा, स्टिकच्या आत पोटेन्शियोमीटर असतो, त्याची पट्टी घासून झिजते म्हणून असं होतं. तात्पुरता उपाय म्हणजे सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मधली हालचाल न मोजणारी जागा, वाढवा. पण ड्रिफ्ट करणाऱ्यासाठी ते विषच, कारण बारीक उलटं स्टेअरिंग नेमकं त्याच मधल्या जागेत असतं. पुढचा घ्याल तेव्हा हॉल इफेक्टचा स्टिक बघा. त्यात चुंबकावरून मोजतात, मापात घासणं नाही.

कीबोर्डवीर

बाण कधीच डावीकडे ओढत नाही. असो.

सव्वादोन_न्यूटन

मुद्द्यावर येऊ. खऱ्या स्पर्धेत, समजा फॉर्म्युला ड्रिफ्ट (पहिला हंगाम २००४), परीक्षक काय बघतात? रेषा, कोन, शैली. कुठल्या ठिकाणी गाडीचं नाक भिंतीला किती जवळ गेलं, कुठे शेपूट बाहेरच्या पट्ट्यात भरली, हे आधीच ठरवून दिलेलं असतं. फोर्झाच्या ड्रिफ्ट झोनमध्ये तीन तारे मिळवायला काय लागतं? गाडी आडवी ठेवा आणि वेग ठेवा. रुंद रस्त्यावर नागमोडी झोके घेत गेलात तरी पॉइंट पडतात. माझा पुतण्या सरळ रस्त्यावर तेच करतो. त्याला कुठे जायचंय हेच ठरलेलं नसतं. कंट्रोलरवाल्यांचा ड्रिफ्ट मला खोटा वाटतो तो मदतीमुळे कमी, या सवयीमुळे जास्त.

रात्रपाळी

याला शंभर टक्के सहमत. पण हा दोष पॉइंट मोजणाऱ्या गेमचा झाला, अंगठ्याचा नाही. कुणीतरी पुढे गाडी घेऊन जावं आणि मागच्यानं तिच्या दाराला चिकटून तोच कोन धरावा, तिथे खरी परीक्षा. तिथे झोके घेऊन चालत नाही. असेटो कोर्साच्या ऑनलाइन खोल्यांत कंट्रोलरवरून असं करणारे लोक मी रोज बघते. व्हीलवाल्यांना कळतही नाही की पुढच्याच्या हातात काय आहे.

सव्वादोन_न्यूटन

हे मात्र खरं. मला एकदा कळलं नव्हतं. नंतर कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं, सांगायला हरकत नाही.

अंगठेबहाद्दर

आठ दिवसांनी धागा वर काढतोय.

सव्वादोन म्हणाले तसं काउंटर स्टेअरिंगची मदत पूर्ण बंद केली. तोच ट्रॅक, तीच सिल्व्हिया. पहिल्या रात्री एकही वळण पुरं नाही. बायको झोपेतून उठून म्हणाली, "टायर किती वाजवतोयस." दुसऱ्या रात्री कळलं की आजवर मी स्टिक उलट्या बाजूला पूर्ण दाबून धरत होतो आणि गेम त्यातलं हवं तेवढं उचलत होता. आता पूर्ण दाबलं की खरंच पूर्ण मिळतं, आणि गॅस जरा कमी झाला की सव्वादोन म्हणतात तसं भिरकावणं. अंगठा स्टिकच्या डोक्यावर न ठेवता कडेला टेकवला, म्हणजे अर्धवट ढकलता येतं. चौथ्या रात्री हेअरपिन पूर्ण निघाली. एकदा. कोन आधीपेक्षा निम्मा, बघायला काहीच खास नाही.

तेव्हा आधीचं विधान थोडं मागे घेतो. लोखंडाचं काम गेम करत होता, आणि माझंही थोडं करत होता. तरी रात्रपाळी म्हणतात तसं गॅस माझाच होता, त्यावर ठाम आहे.

आणि काल तो मित्र घरी आला होता. कंट्रोलर हातात दिला, म्हटलं मार. पहिल्या हेअरपिनला गिरकी. दुसऱ्या खेपेला गिरकी. सहाव्या खेपेला कंट्रोलर उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "तुझा स्टिक खराब आहे."

वाकडा_स्टिक

माझा पाठवू का त्यांना?

सव्वादोन_न्यूटन

एक शंका. मदत बंद ठेवूनच दिला होता का हातात?

अंगठेबहाद्दर

हो.

सव्वादोन_न्यूटन

आणि त्याला सांगितलं होतं?

अंगठेबहाद्दर

विसरलो.